आयातीनं काम गेलं, सरकार काय देतं? आधी सही कशावर केलीत ते सांगा

प्रश्न बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका मोल्डरनं (ओतकामाचे साचे करणाऱ्यानं) पाठवलाय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकाच फाउंड्रीत १९ वर्षं काढली, वय ४६, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून पगार १८,२०० रुपये. पटावर ६४ माणसं. पंपाची बॉडी आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग ओतायचं काम, पण आता मोठं गिऱ्हाईक चीनहून तयार मालच उतरवून घेतं. मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आयातीनं खाल्लं, माझा नाइलाज आहे. तीन महिन्यांचा पगार घ्या आणि ह्या कागदावर सही करा." सोमवारपर्यंत मुदत दिलीय. भाच्यानं मोबाइलवर दाखवलं की अमेरिकेत बाहेरच्या मालामुळे काम गेलं की सरकार पैसे देतं, नवीन काम शिकवतं. शेवटी त्यांनी विचारलंय, "तसलं काय आपल्याकडं हाय काय? असलं तर अर्ज कुठं द्यायचा? आणि सही करून टाकू काय?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सही करू नका. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी करू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की "आयातीमुळे काम गेलं" अशा नावाची एकही योजना आपल्याकडे चालू नाही, केंद्राची नाही आणि कर्नाटकाचीही नाही. म्हणून काहीच मिळत नाही असं समजू नका. मिळतं, आणि तीन महिन्यांच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. मात्र आपला कायदा काम कशामुळे गेलं हे फारसं विचारत नाही, काम कसं गेलं हे विचारतो. कामावरून काढलं, कारखाना बंद केला, की तुम्ही स्वतःहून सोडलं? सत्तावीस वर्षं मी कामगारांचे अर्ज लिहितोय. पैसा बुडाला तो जवळजवळ प्रत्येक वेळी ह्या एका उत्तरापायी.

भाच्यानं दाखवलं ते खोटं नव्हतं, जुनं होतं. अमेरिकेनं ही योजना १९६२ साली केनेडींच्या काळात व्यापार कायद्यातच घातली. कल्पना साधी होती. परदेशी मालाला दार उघडल्यानं अख्ख्या देशाला स्वस्त वस्तू मिळणार, मग ज्यांचं काम त्यापायी जाईल त्यांचा भार देशानं उचलावा. ऐकायला बरं वाटतं. पण अटी इतक्या आवळलेल्या होत्या की १९६९ सालापर्यंत एकाही कामगारांच्या अर्जाला मंजुरी मिळाली नाही. १९७४ च्या कायद्यानं त्या सैल केल्या, तेव्हा कुठं योजनेला हातपाय फुटले. एकाच कारखान्यातल्या तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा. कामगार खातं चौकशी करायचं आणि आयातीमुळेच काम गेलं असा दाखला द्यायचं. दाखला मिळाला की नेहमीचा बेकारी भत्ता संपल्यावर पुढचा भत्ता, प्रशिक्षणाचा खर्च, दुसऱ्या गावी जायचं तर सामान हलवायचा खर्च मिळायचा. पन्नाशी ओलांडलेल्यानं कमी पगाराचं काम धरलं तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा काही हिस्साही सरकार द्यायचं. हे शेवटचं मला फार आवडतं. पन्नाशीतल्या मोल्डरला कॉम्प्युटर शिकवण्यापेक्षा ते बरं. पण १ जुलै २०२२ पासून तिथंही नवीन अर्जांवर निर्णय देणं बंद झालंय, कारण संसदेनं मुदत वाढवली नाही. तेव्हा अमेरिकेतल्या कामगारालाही आज नव्यानं अर्ज करून काही हाती लागत नाही.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असंही नाही. १९९१ ला बाजार उघडला आणि १९९२ ला केंद्रानं राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. उद्योग बदलतील, माणसं सुटतील, त्यांना सल्ला द्यायचा, दुसरं काम शिकवायचं, असा बेत होता. बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीतच गेला आणि २००० साली निधी गुंडाळला. त्याच्याही आधी, १९८६ पासून, बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी होता. त्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के मिळायचे. अमेरिकी योजनेच्या सगळ्यांत जवळ जाणारी आपली योजना हीच म्हणायला हवी. १ एप्रिल २०१७ पासून ती ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, बेकारी भत्त्यात विलीन केली. तुमचं काम पडणार आहे ते ह्या भत्त्याशी. त्याचं नाव राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. २००५ साली सुरू झाली, आणि उद्यमबागेत दहापैकी आठ जणांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

ती मिळायच्या आड काय येतं, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मच्छेकडच्या एका मशीन शॉपमध्ये २३ माणसं कमी करायची होती. मालकाशी बोलणं माझ्यामार्फत झालं होतं, रक्कम थोडी वाढवूनही घेतली होती, त्यामुळे मी खुशीत होतो. सह्यांच्या दिवशी ऑफिसातल्या टेबलावर कन्नडमधले टाइप केलेले कागद ठेवले होते. मला कन्नड वाचता येतं. पहिली ओळ वाचली, रक्कम बघितली, तारीख बघितली. चौथी ओळ वाचली नाही. दुपारची वेळ, बाहेर २३ जण उभे, एकेक आत येऊन विचारतोय, "करू काय दादा?" आणि मी म्हणतोय, "करा की." साक्षीदार म्हणून खाली माझीच सही.

दोन महिन्यांनी त्यातले सहा जण भत्त्याचा अर्ज घेऊन ईएसआयच्या शाखेत गेले, मीच पाठवलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "स्वइच्छेयिंद राजीनामे." स्वतःच्या इच्छेनं राजीनामा. दोन्ही शब्द कन्नड न येणाऱ्यालाही कळावेत असे. स्वइच्छा म्हणजे स्वइच्छा, राजीनामे म्हणजे राजीनामा. २३ जणांतल्या एकालाही कन्नड वाचता येत नव्हतं, ते एक असो. वाचता येणारा मी होतो, आणि मी वाचलं नव्हतं. स्वतःहून सोडणाऱ्याला तो भत्ता मिळत नाही. अर्ज तिथंच संपले. त्यातला एक टर्नर अजून गोवावेसला भेटतो. चहा पाजतो, घरचं विचारतो आणि निघताना म्हणतोच, "तुम्ही करा म्हणालात म्हणून केली."

म्हणून सोमवारी तुमच्यापुढं कागद येईल तेव्हा रक्कम नंतर बघा. आधी त्यात राजीनामा, स्वइच्छा, स्वखुशी, इंग्रजीत असेल तर रिझाइन किंवा व्हॉलंटरी, ह्यातला एखादा शब्द आहे का ते शोधा. असला तर कागद परत ठेवा. भांडू नका, आवाज चढवू नका. "घरी दाखवून आणतो" म्हणा. घरी न्यायला देत नसतील तर मोबाइलवर फोटो काढू द्या म्हणा. तेही देत नसतील तर कागदात काय आहे ते न वाचताच कळलं.

आता त्या शब्दाची किंमत काढू. आकडे तुमच्या पगारावरूनच घेतो.

ग्रॅच्युइटी: महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, त्याचे १५ दिवसांचे १०,५००, आणि १९ वर्षांचे १,९९,५००. ही राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते. पाच वर्षं पुरी झालेल्या माणसाची ग्रॅच्युइटी मालकाच्या मर्जीवर नसते. तीस दिवसांत द्यायची, पुढं व्याज लागतं. पीएफही तुमचाच. हे दोन्ही बाजूला ठेवा. मालक पुष्कळदा ग्रॅच्युइटीच "नुकसानभरपाई" म्हणून पुढं करतो, आणि माणसाला वाटतं केवढं दिलं.

कपातीची भरपाई वेगळी. कामावरून कमी केलं तर भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. इथं २६ नं भागत नाहीत, सरळ महिन्याचा अर्धा धरतात. म्हणजे ९,१००, आणि १९ वर्षांचे १,७२,९००. त्यावर एक महिन्याची आगाऊ नोटीस, नाहीतर तिचा पगार १८,२००. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. तिच्यात कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकानं १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो कपातीपासून ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायचा. तुमच्या हिशेबानं साधारण ९,१००. नाव मोठं आणि रक्कम अर्ध्या महिन्याची. एवढ्यात मोल्डरचा काय नवीन कारागीर होणार? पण हक्काचे आहेत, सोडू नका.

आणि ईएसआयचा भत्ता. पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या निम्मा, पुढचे १२ महिने पाव. ढोबळमानानं महिन्याला ९,१०० वर्षभर म्हणजे १,०९,२००, मग ४,५५० वर्षभर म्हणजे ५४,६००. मिळून १,६३,८००. दुसरीकडे काम लागलं की बंद. ह्या काळात तुम्हाला आणि घरच्यांना ईएसआयचा दवाखाना चालू राहतो. घरात बीपी-शुगरचं माणूस असेल तर हे पैशांहून मोठं. अट अशी की निदान दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी आणि काम कपातीनं किंवा कारखाना बंद झाल्यानं गेलेलं हवं.

भरपाई, नोटीस, पुनर्कौशल्याचे पैसे आणि भत्ता, सगळ्यांची बेरीज ३,६४,००० होते. "राजीनामा" ह्या एका शब्दावर सही केली की एवढे जातात, बदल्यात तीन महिन्यांचे ५४,६०० येतात. तुमच्या मालकाला हा हिशेब ठाऊक असेलच असं नाही. उद्यमबागेतले निम्मे मालक स्वतः लेथवर उभे राहून वर आलेले आहेत, कागद त्यांचा सल्लागार करतो. म्हणून मी त्यांच्याकडे भांडायला जात नाही, हा हिशेब लिहून घेऊन जातो.

त्या "नाइलाज" शब्दावर जरा थांबू, कारण तो साधा वाटत असला तरी कायद्यातला आहे आणि तीन महिन्यांचा आकडा तिथूनच आलेला दिसतो. कारखाना पुरता बंद करताना मालकाच्या आवाक्याबाहेरच्या, टाळता न येण्यासारख्या कारणानं बंद करावा लागला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापेक्षा जास्त द्यायची गरज नाही, अशी सवलत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. पण तिथंच खाली खुलासा दिलाय. नुसती आर्थिक अडचण, तोटासुद्धा, किंवा माल न खपता पडून राहणं, ही "टाळता न येणारी" कारणं धरायची नाहीत. आयातीनं गिऱ्हाईक गेलं म्हणजे शेवटी काय झालं? तोटा झाला आणि माल पडून राहिला. महापुरानं भट्टी वाहून गेली असती तर गोष्ट वेगळी. आपल्या अख्ख्या कामगार कायद्यात आयातीचा मुद्दा उपयोगी पडेल अशी माझ्या माहितीची हीच एक जागा, आणि तिथं तो मालकाच्या बाजूनं धरत नाही. सोमवारी हे शांतपणे विचारा: "साहेब, शेड बंद करालाय की माणसं कमी करालाय?" दोन्हींचे नियम वेगळे. बंद करायची असेल तर ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते, तुम्ही ६४ आहात. माणसं कमी करायची असतील तर त्या-त्या कामातला शेवटी आलेला आधी जातो. १९ वर्षं झालेल्या मोल्डरला काढून चार वर्षांच्या मोल्डरला ठेवायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. आणि वर्षभरात पुन्हा भरती केली तर तुम्हाला आधी विचारायचं. सरकारची आगाऊ परवानगी मात्र तुमच्या शेडला लागत नाही. जुन्या कायद्यात ती शंभर माणसांपासून पुढं लागायची, आता तीनशेंपासून. उद्यमबाग-मच्छेतल्या किती शेडींत तीनशे माणसं पटावर असतील ते तुम्हीच सांगा.

कागद नीट झाला तरी आणखी एक खड्डा आहे, तो कॉम्प्युटरात आहे. दर महिन्याला फॅक्टरीचा कारकून ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणी भरतो. एखाद्याचे दिवस शून्य दाखवायचे असतील तर शेजारी कारणाचा आकडा निवडावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली. १० म्हणजे कपात. कारकुनाला सवय २ ची, कारण सोडून जाणारेच जास्त. हातात कपातीचं पत्र आणि पोर्टलवर २, असं झालं की शाखेत अर्ज अडकतो, मग दुरुस्तीसाठी हेलपाटे. ती शेवटची वर्गणी भरायच्या आधी कारकुनाला गाठा. माणूस ओळखीचाच असणार. त्याच्यासमोर बसून १० टाकून घ्या. ह्यात त्याच्या मालकाचा एक रुपयाही जात नाही, हे त्याला आवर्जून सांगा.

कपातीचा कागदच मिळत नाही, कंत्राटदारानं "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगितलं, अशी माणसंही तुमच्या शेडमध्ये असतील, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) तर हमखास. त्यांच्यासाठी ईएसआयची दुसरी योजना आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस, पगाराच्या निम्मे. दोन वर्षांची नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी लागते. ही मुदतवाढीवर चालत आलेली योजना आहे, म्हणून त्या आठवड्यात चालू आहे ना एवढं शाखेत विचारूनच अर्ज भरायचा. आणि स्वेच्छानिवृत्ती इथंही चालत नाही.

पीएफबद्दल थोडक्यात. काम गेलं की ७५ टक्के काढता येतात. उरलेले पूर्वी दोन महिन्यांनी मिळायचे, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय मंडळानं ती मुदत १२ महिन्यांवर न्यायचं ठरवलं. खरं सांगू का, लागत नसतील तर काढूच नका. लोक काढतात आणि पोरीच्या लग्नात घालतात. तुमची दहा वर्षं केव्हाच झाल्यानं ५८ ला पेन्शन आहे. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कायमचे कटतात. कोणी एजंट "पेन्शनचेही काढून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

तुमच्या सोबत्यानं आणखी एक विचारलंय की सरकारनं चीनच्या मालावर कर लावला तर काम परत येईल का. अँटी-डम्पिंग ड्यूटी म्हणतात ती हीच. दिल्लीत व्यापार उपाय महासंचालनालय आहे, तिथं त्या मालाच्या देशातल्या उत्पादकांनी अर्ज करायचा, आणि अर्जामागं देशातल्या एकूण उत्पादनाचा निदान २५ टक्के वाटा लागतो. उद्यमबागेतल्या एकट्या-दुकट्या फाउंड्रीचं हे काम नाही, संघटनेचं आहे. चौकशीत नुकसानाच्या यादीत "रोजगार" आणि "पगार" हे रकाने असतात. म्हणजे तुमचं काम गेल्याचा आकडा मालकांच्या अर्जात पुरावा म्हणून वापरला जातो. ड्यूटी लागली तर साधारण पाच वर्षं चालते. ती सरकारी तिजोरीत जमा होते, फायदा झाला तर गिऱ्हाईक परतल्यानं कारखान्याला होतो, आणि तोवर काढलेल्या माणसाच्या हाती त्यातला छदामही येत नाही. जागतिक व्यापाराच्या करारात कामगारांच्या प्रतिनिधींनाही अशा अर्जाला पाठिंबा देता येतो असं लिहिलंय. मी आजवर इकडच्या कुठल्या युनियननं तसं केलेलं बघितलं नाही, आमच्यासकट.

उलट्या बाजूनं काम गेलेलेही हल्ली येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा तिकडं माल पाठवणाऱ्या शेडींत पाळ्या तुटल्या. त्यांनाही हेच उत्तर. त्यांचं आयातीनं गेलं नाही, निर्यातीनं गेलं, पण कागद तोच, खिडकी तीच. नुसत्या पाळ्या तोडल्या असतील, काढलं नसेल, तर तो ले-ऑफ. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात वर्ष भरलेल्या पटावरच्या कामगाराला त्या दिवसांचा निम्मा पगार असतो. "घरी बसा, बोलावतो" हे तोंडी ऐकून निघून जाऊ नका, रोजची हजेरी लावा.

वडगाव-खासबागेतल्या मागवाल्यांनी मात्र हे वाचून आशा धरू नये, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आणि सूत सावकाराचं, माग घरातला किंवा भाड्याचा, मजुरी साडीमागं. पटावर नाव नाही म्हणून ईएसआय नाही, पीएफ नाही, कपात नाही. काम बंद होतं म्हणजे सावकार पुढचा बीम देत नाही, एवढंच. १९८६ चा तो गिरण्यांचा निधीही त्यांच्यापर्यंत कधी आला नव्हता, तो संघटित गिरण्यांचा होता. (आणि वडगावला चीनपेक्षा सुरतेनं जास्त घाम फोडलाय. सुरतेवर कुठली ड्यूटी लावणार?) राज्याकडून विणकरांना वीजदरात सवलत आहे. ती माग चालू असलेल्याला. बंद पडलेल्या मागाला विजेची सवलत काय कामाची?

राज्याच्या योजनांबद्दल लोक भलत्या आशेनं येतात, म्हणून दोन ओळी. युवानिधी ही नुकत्याच पदवी-डिप्लोमा झालेल्या बेकार मुलांसाठी आहे, ४६ वर्षांच्या मोल्डरसाठी नाही. गृहलक्ष्मीचे दोन हजार घरच्या बाईच्या नावावर येतात ते तुमचं काम असलं-नसलं तरी येतात, ते चालूच राहतील.

आता अर्ज कुठं. भरपाई कमी दिली किंवा राजीनाम्यासाठी दबाव आणला तर कामगार खात्याकडे. तडजोडीचा अर्ज करून ४५ दिवसांत काही झालं नाही की थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. पूर्वी तीन होती. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा, ईएसआयचा त्यांच्या शाखेत. तुमच्या शेडमध्ये चंदगडकडून येणारे तिघे आहेत असं लिहिलंय. ते महाराष्ट्रात राहतात म्हणून कोल्हापूरला जाऊ नका म्हणावं. राहायचं गाव बघत नाहीत, फॅक्टरी कुठल्या राज्यात ते बघतात. उद्यमबागेतला माणूस बेळगावच्या कामगार खात्यात, शिनोळीच्या एमआयडीसीत जाणारा बेळगावचा माणूस कोल्हापूरकडे. ईएसआय आणि पीएफ मात्र केंद्राचे, तिथं हद्दीनं हक्क बुडत नाही.

भाषेचं. मराठीत अर्ज देता येतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क आहे, आणि मी तो वर्षानुवर्षं मराठीत देत आलोय. पण सोबत कन्नड प्रत जोडतो. काहींना हे पटत नाही, माझ्याशी त्यावरून वाद घालतात. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत तुमचा सोमवार थांबणार नाही, आणि खिडकीतल्या माणसानं फाइल तळाशी सरकवावी असं एकही कारण मला त्याच्या हातात द्यायचं नाही.

रविवारी सकाळी या. येताना शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं कार्ड, पीएफचा यूएएन, बँक पासबुक आणि असलं तर कामावर घेतल्याचं पत्र आणा. पत्र नसलं तर पहिल्या वर्षाची कुठलीही चिठ्ठी, बोनसची पावती, काहीही. १९ वर्षं झाली हे दाखवायचंय. सोबत चौघं-पाचजण येतील तर बरं. मालकाला द्यायचं पत्र मी दोन प्रतींत करून ठेवतो. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवायचं, रजिस्टर पोस्ट आता त्यातच गेलंय. पावती पाकिटात ठेवू नका, घामानं शाई उडते. फोटो काढून घरी डब्यात टाका.